नोंदीत छोटा फोटो, क्लिक केलं की मोठा: सोसायटीच्या गळतीची मार्कडाऊन वही

सी विंगच्या ३०४ मधली ओल नेमकी कुठून येते, यावर आमच्या सोसायटीत तीन पावसाळे वाद चालला. वरचे ४०४ वाले म्हणायचे, आमचं बाथरूम कोरडं आहे, पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. ३०४ वाले म्हणायचे, वरच्यांचा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं, गळतोय. फोटो दोघांकडेही होते. पण ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, उद्या पाणी येणार नाही अशा सूचना आणि वाढदिवसाचे केक यांच्याखाली कुठेतरी गेलेले. सभेत कुणी म्हणालं, "मागच्या वर्षी एवढी ओल नव्हती," की तो मागच्या वर्षीचा फोटो शोधण्यात पंधरा मिनिटं जायची आणि तोवर लोक उठायला लागायचे.

मी ऐरोलीतल्या ४८ घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. त्याआधी १४ वर्षं वाहन विम्याच्या एका सर्व्हेअरकडे काम केलं. गाडीचा फोटो घ्यायचा तर आधी लांबून, नंबर प्लेट दिसेल असा, आणि मग पोचा आला असेल तिथे जवळून, ही शिस्त तिथे अंगात भिनली. लांबचा फोटो सांगतो की गाडी तीच आहे. जवळचा सांगतो की काय झालंय. सोसायटीच्या नोंदी ठेवायला लागले तेव्हा हेच डोक्यात होतं, पण ते नोंदीत कसं बसवायचं हे कळायला वेळ लागला.

सुरुवातीला मी सगळे फोटो जसेच्या तसे नोंदीत टाकले. माझ्या फोनचा एक फोटो ३ ते ५ एमबीचा. ६० फोटो झाले की नोंद अडीचशे एमबीच्या घरात. आमच्या खजिनदार काकांच्या फोनवर ती अर्धी उघडून तिथेच थांबायची. मग उलटं केलं. फोटो काढून टाकले आणि नुसत्या लिंक ठेवल्या: "३०४ जून", "३०४ ऑगस्ट", अशी निळ्या अक्षरांची लांबच लांब यादी. ती कुणीही उघडली नाही. आत काय आहे याचा अंदाज आल्याशिवाय माणूस निळ्या शब्दावर बोट लावत नाही, आणि लावावं तरी का?

आता मी जे करते ते असं. नोंदीत छोटा, हलका फोटो दिसतो. त्यावर क्लिक केलं की मूळ मोठा फोटो उघडतो. छोट्याने जागा ओळखू आणायची, मोठ्याने पुरावा द्यायचा. ही दोन कामं दोन वेगळ्या फाइलींकडे दिली की पुढचं सगळं सोपं आहे.

मार्कडाऊन मला महापेला नोकरी करणाऱ्या भाचीने शिकवलं. साध्या मजकुरातच कंस, रेघा अशा खुणा टाकून लिंक, फोटो, तक्ते दाखवायची ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ साली बनवली. तिची मूळ कल्पनाच अशी की कुठल्याही प्रक्रियेशिवाय, साधा मजकूर म्हणूनही ती वाचता यावी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सेक्रेटरी बदलतात, लॅपटॉप बदलतात, ॲप बंद पडतात. माझ्यानंतर जो कुणी येईल त्याला ही वही साध्या नोटपॅडमध्येही उघडता आली पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते. खालच्या उदाहरणांत मी फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, ती वाचायला सोपी पडावीत म्हणून. जिथे "जेपीजी" लिहिलंय तिथे तुम्ही नेहमीची तीन छोटी इंग्रजी अक्षरं टाकायची. देवनागरी नावं मार्कडाऊनमध्ये चालतात, पण ब्राउझरमधून अशा फाइलीचा पत्ता कॉपी केला की टक्केचिन्हांची हातभर लांब माळ हातात येते. म्हणून माझ्या स्वतःच्या फाइलींची नावं मी छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवते.

## एका फोटोपासून सुरुवात

मार्कडाऊनमध्ये लिंक लिहायची तर चौकटी कंसात दिसणारा मजकूर आणि त्याला चिकटून गोल कंसात पत्ता:

`[मोठा फोटो](मोठे/सी-३०४.जेपीजी)`

फोटो दाखवायचा तर हेच, फक्त पुढे उद्गारचिन्ह:

`![खिडकीखालची ओल](छोटे/सी-३०४.जेपीजी)`

आता पहिल्या ओळीत "मोठा फोटो" हे शब्द जिथे आहेत, तिथून ते शब्द काढा आणि त्या जागी दुसरी ओळ जशीच्या तशी ठेवा:

`[![खिडकीखालची ओल](छोटे/सी-३०४.जेपीजी)](मोठे/सी-३०४.जेपीजी)`

झालं. एका डब्यात दुसरा डबा ठेवावा तसं. आतला डबा फोटोचा, बाहेरचा लिंकचा. मी अजूनही हे एका दमात टाइप करत नाही. आधी आतली ओळ लिहिते, फोटो दिसतोय ना ते बघते, मग तिच्याभोवती चौकटी कंस घालते आणि शेवटी गोल कंसात मोठ्या फोटोचा पत्ता लिहिते. एकदम लिहिलं आणि काही दिसलंच नाही तर चूक आतल्या डब्यात आहे की बाहेरच्या, हे शोधत बसावं लागतं.

चुका ठरलेल्या असतात. उद्गारचिन्ह अगदी सुरुवातीला, बाहेरच्या चौकटी कंसाच्याही आधी टाकलं जातं. ते दोन चौकटी कंसांच्या मधे हवं. दुसरी चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही: बंद होणारा चौकटी कंस आणि उघडणारा गोल कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा. तेवढ्याने लिंक मरते आणि सगळे कंस नोंदीत उघडे पडतात. फोनच्या कीबोर्डला शब्द उचलल्यावर आपणहून जागा सोडायची सवय असते, त्यामुळे फोनवर लिहिताना हे हमखास होतं.

फोटो असा लिंकच्या आत चालतो, पण लिंकच्या आत दुसरी लिंक चालत नाही. एकाच छोट्या फोटोवरून दोन ठिकाणी जायचं असेल तर दुसरी लिंक खालच्या ओळीत वेगळी द्या.

## चौकटी कंसातला मजकूर

हा मजकूर बहुतेक लोक रिकामा सोडतात, किंवा नुसतं "फोटो" लिहितात. कृपा करून तसं करू नका. आमच्या बी विंगमध्ये एक काका आहेत. नजर जवळजवळ गेलेली, फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. छोट्या फोटोला लिंक असली की फोन त्या लिंकचं नाव म्हणून हाच मजकूर वाचतो. तो रिकामा असेल तर त्यांना ऐकू येते ती फाइलीच्या नावातली अक्षरं आणि आकड्यांची बडबड. इमारतीच्या दुरुस्तीला त्यांनीही वर्गणी दिली आहे, म्हणून मी लिहिते:

`[![सी ३०४, बेडरूमची उत्तरेकडची भिंत, खिडकीखाली वीतभर ओल, १२ जून](छोटे/सी-३०४.जेपीजी)](मोठे/सी-३०४.जेपीजी)`

नेट नसेल, फाइल हलली असेल, काही कारणाने फोटो उमटलाच नाही, तरी हाच मजकूर दिसतो आणि नोंद वाचता येते. पत्त्याच्या पुढे अवतरणचिन्हांत शीर्षक देण्याची सोय मार्कडाऊनमध्ये आहे, पण ते माउस वर नेला तरच दिसतं. आमचे निम्मे सभासद फोनवर बघतात, त्यामुळे महत्त्वाचं काही मी तिथे ठेवत नाही. फोटोखाली एक साधी ओळ लिहिते: जागा, तारीख, आणि "मोठा बघायला फोटोवर बोट लावा". ही शेवटची सूचना पहिल्या फोटोखाली एकदाच. ती नसेल तर निम्म्या लोकांना फोटो उघडतो हे कळतच नाही.

## छोटे फोटो बनवताना

भाचीने आधी सांगितलं होतं की फोटोची रुंदी ठरवून देता येते, मग वेगळी छोटी फाइल कशाला? मार्कडाऊन नोंदी ठेवायच्या ऑब्सिडियन ॲपमध्ये चौकटी कंसातल्या मजकुरानंतर उभी रेघ आणि आकडा लिहिला, `![ओल|३००](…)` असा, पण तो आकडा इंग्रजी अंकांत, तर फोटो तेवढाच रुंद दिसतो. दिसतो छोटा, हे खरं. पण त्यामागे ४ एमबीची फाइल पूर्ण उघडावीच लागते. नोंदीचं वजन तेवढंच राहतं. म्हणून छोटी प्रत वेगळीच हवी. ४०० पिक्सेल रुंदीची प्रत साधारण ३०-४० केबीची होते. अशा ६० प्रती म्हणजे दोन-अडीच एमबी, आणि खजिनदार काकांच्या फोनवर नोंद लगेच उघडते.

माझ्या वहीत नोंदीच्या फाइलीशेजारी दोन फोल्डर आहेत, "मोठे" आणि "छोटे". दोन्हींत फाइलींची नावं अगदी तीच. एका फाइलीचं नाव कळलं की दुसरीचा पत्ता शोधावा लागत नाही, फक्त फोल्डरचं नाव बदलायचं.

विंडोजवर मी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज वापरते. ते फुकट आहे. त्यातल्या इमेज रिसायझरने शंभर फोटो एकदम निवडून, उजवं क्लिक करून छोटे करता येतात. पण त्यात एक अडचण आहे. ते आपणहून नव्या प्रतीच्या नावात मोकळी जागा आणि गोल कंसात मापाचं नाव जोडतं. मार्कडाऊनच्या पत्त्यात मोकळी जागा आली की लिंक तुटते. म्हणून मी क्रम असा ठेवते: आधी "मोठे" फोल्डरमधले नवे फोटो कॉपी करून "छोटे" मध्ये टाकायचे. मग "छोटे" फोल्डर उघडून, तिथल्या तिथे, ४०० पिक्सेलच्या चौकटीत बसतील असे करायचे आणि प्रत न काढता मूळ फाइलच बदलण्याच्या पर्यायावर खूण करायची. नावं तशीच राहतात. मॅकवर प्रीव्ह्यू ॲपमध्येही अनेक फोटो एकदम छोटे करता येतात. तेही मूळ फाइलच बदलतं, म्हणून तिथेही आधी कॉपी.

"आधी कॉपी" हे मी दोनदा म्हटलं, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. एका ऑक्टोबरमध्ये रात्री उशिरा हे काम करत बसले होते आणि "छोटे" समजून "मोठे" फोल्डरमध्ये होते. जूनचे २२ फोटो, सगळे मूळ, ४०० पिक्सेलचे झाले. मी लॅपटॉप बंद करून तशीच बसून राहिले.

त्यात काय गेलं ते सांगते. जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बीमला बारीक तडा आहे. तो वाढतो का हे बघायला आम्ही तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी बारीक रेघ मारतो आणि शेजारी तारीख लिहितो. मग तड्याला समांतर पंधरा सेंटिमीटरची पट्टी धरून फोटो घेतो. मूळ फोटो मोठा केला की पट्टीवरची मिलिमीटरची रेघ न् रेघ मोजता येते, पेन्सिलीतली तारीख वाचता येते, तडा खुणेच्या पुढे किती सरकला ते दिसतं. छोट्या प्रतीत तड्याचा एक करडा केस होतो आणि तारखेचा डाग. आमची इमारत खाडीपासून लांब नाही. खाऱ्या हवेने आतली सळई गंजली की ती फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. तडा कुठवर आला, हे मिलिमीटरमध्ये कळणं म्हणूनच गरजेचं. त्या २२ पैकी ९ फोटो वॉचमनदादांच्या फोनमध्ये सापडले, कारण त्या दिवशी पट्टी त्यांनी धरली होती आणि सोबत त्यांनीही फोटो घेतले होते. उरलेले १३ गेले. वहीत त्यांच्यासमोर "मूळ उपलब्ध नाही" असं लिहिलं आहे. तेव्हापासून "मोठे" फोल्डरची एक प्रत चेअरमनबाईंकडे वेगळ्या डिस्कवर असते.

आणखी एक. छोटा फोटो कधी कधी आडवा पडतो. फोन उभा धरला होता की आडवा, ही माहिती फोटोच्या आत वेगळी लिहिलेली असते आणि काही साधनं छोटं करताना ती टाकून देतात. सगळे बघायला नकोत, पण उभा धरून घेतलेला एखादा उघडून बघाच.

## फोटो हातात कसा येतो

सभासद फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि तो कधी घेतला ही आतली माहितीही निघून जाते. "मोठे" मध्ये असा फोटो ठेवून उपयोग नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय: फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेपरक्लिपच्या किंवा अधिकच्या खुणेवर बोट लावून डॉक्युमेंट निवडायचं आणि तिथून फोटो. पहिल्या वेळी समजावून सांगावं लागतं, नंतर लोक आपणहून करतात.

आयफोनवाल्यांचे फोटो कधी कधी एचईआयसी प्रकारचे येतात. बऱ्याच ठिकाणी ते नोंदीत उमटतच नाहीत. जेपीजी करून घ्या आणि मगच "मोठे" मध्ये टाका.

नावात मोकळी जागा असलेली फाइल आलीच आणि नाव बदलायचं नसेल, तर पत्ता कोनी कंसात ठेवा:

`[![गच्चीचा कोबा](<छोटे/गच्ची पूर्व कोपरा.जेपीजी>)](<मोठे/गच्ची पूर्व कोपरा.जेपीजी>)`

बहुतेक नव्या ॲपांत हे चालतं. तरी मी नाव बदलूनच टाकते. विंग, घर, जागा, तारीख, मधे छोट्या आडव्या रेघा, इतकं बास.

## तक्ता

वाद ज्याने मिटला ती गोष्ट ही. फोटो एकाखाली एक लावले तेव्हा कुणालाच काही दिसलं नाही. शेजारी शेजारी लावले आणि दिसलं.

मार्कडाऊनमध्ये तक्ता उभ्या रेघांनी होतो. पण प्रत्येक चौकोनात दोन-दोन पत्ते कोंबले की लिहिणाऱ्याला स्वतःचाच तक्ता वाचता येत नाही. यावर उपाय म्हणजे पत्त्यांना छोटी नावं देऊन खरे पत्ते नोंदीच्या तळाशी ठेवणं. गोल कंसांच्या जागी चौकटी कंस येतात:

`| जागा | जून | ऑगस्ट | डिसेंबर | मार्च |`
`|---|---|---|---|---|`
`| सी ३०४ | [![जून, ओल वीतभर][छ१]][म१] | [![ऑगस्ट, ओल दोन वीत][छ२]][म२] | [![डिसेंबर, ओल दोन वीत][छ३]][म३] | [![मार्च, ओल कायम][छ४]][म४] |`

आणि नोंदीच्या शेवटी, प्रत्येक पत्ता वेगळ्या ओळीवर:

`[छ१]: छोटे/सी-३०४-जून.जेपीजी`
`[म१]: मोठे/सी-३०४-जून.जेपीजी`

याच पद्धतीने पुढचे. "छ" म्हणजे छोटा, "म" म्हणजे मोठा, हे माझं मीच ठरवलेलं. ऑब्सिडियनमध्ये रुंदीसाठी जी उभी रेघ असते, ती तक्त्यात आली की तक्ता तिला नवा रकाना समजतो. तिथे त्या रेघेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. पण छोटी प्रत आधीच ४०० पिक्सेलची असेल तर त्या रेघेची गरज फारशी पडत नाही.

हा तक्ता सर्वसाधारण सभेत टीव्हीवर लावला. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे पावसाळा संपायच्या आत आधीच्या वर्षाचं सगळं समोर असतं. मार्चच्या छोट्या फोटोकडे बघून आधी ४०४ च्या वहिनीच म्हणाल्या, "मार्चमध्ये पाऊस कुठे होता?" मी क्लिक केलं. मोठा फोटो उघडला, भिंतीवरचे ताजे पोपडे आणि खाली फरशीवर पडलेला चुरा दिसला, बाजूला धरलेल्या कागदावर तारीख. बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल पाऊस थांबला की सुकायला लागते. डिसेंबर आणि मार्चमध्येही ती तशीच राहिली तर पाणी नळाच्या किंवा सांडपाण्याच्या वाटेने येत असण्याची शक्यता जास्त. ४०४ वाल्यांनी चाचणीला होकार दिला. नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी साठवलं, चोवीस तास ठेवलं, आणि खालच्या भिंतीचा आधीचा आणि नंतरचा फोटो घेतला. ते दोन्ही त्याच तक्त्यात गेले. ट्रॅपच्या भोवतालचा जोड सुटलेला होता. आवाज न चढवता झालेली आमची ती पहिली गळतीची चर्चा.

## छोट्या फोटोमागे फोटोच असतो असं नाही

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल पीडीएफमध्ये असतो. त्याच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट "छोटे" मध्ये आणि बाहेरच्या गोल कंसात पीडीएफचा पत्ता. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. अहवाल साठत जातात आणि पहिल्या पानाचं चित्र समोर असलं की कुठला कुठल्या वर्षीचा ते चटकन कळतं.

टाकीच्या पाइपमधून पाणी ठिबकण्याचे व्हिडिओ असतात. व्हिडिओतला एक क्षण थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा, तो आत, व्हिडिओची लिंक बाहेर. व्हिडिओ यूट्यूबवर असेल तर यूट्यूब त्याचं ४८० बाय ३६० चं चित्र स्वतःच बनवून ठेवतं, आणि व्हिडिओच्या ११ अक्षरांच्या ओळखचिन्हावरून त्याचा पत्ता काढता येतो. पण ते चित्र नेटवरून येतं. आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात नेटचा भरवसा नाही, म्हणून ते चित्र उतरवून "छोटे" मध्येच ठेवते.

गूगल ड्राइव्हच्या बाबतीत पुष्कळ जण अडकतात, मीही अडकले होते. ड्राइव्हवरून शेअर केलेली लिंक आतल्या गोल कंसात टाकली तर फोटो उमटत नाही, कारण ती लिंक फोटोची नसते, फोटो दाखवणाऱ्या पानाची असते. तीच लिंक बाहेरच्या गोल कंसात मात्र उत्तम चालते. आत जवळचा छोटा फोटो, बाहेर ड्राइव्हची लिंक. मोठे फोटो लॅपटॉपवर मावेनासे झाले की हाच मार्ग घ्यावा लागतो.

## दुसऱ्याच्या मशीनवर

ठाण्याला नौपाड्यात आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर साहेबांचं ऑफिस आहे. पहिल्यांदा पेन ड्राइव्ह घेऊन गेले, ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत पर्स छातीशी धरून. त्यांच्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली तर एकही फोटो नाही. सगळीकडे नुसता मजकूर. मी पत्ते माझ्या लॅपटॉपवरच्या ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण कॉपी केले होते आणि त्यांच्या मशीनवर ती वाटच नव्हती. साहेबांनी मजकूर वाचून अर्धं काम केलं, कारण मजकूर नीट लिहिलेला होता. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा जावं लागलं.

पत्ता नेहमी नोंदीच्या फाइलीपासून सुरू करा. वरच्या उदाहरणांत तो तसाच आहे: "छोटे", तिरकी रेघ, फाइलीचं नाव. नोंद एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये असेल तर सुरुवातीला दोन टिंबं आणि तिरकी रेघ, `../छोटे/सी-३०४.जेपीजी`, म्हणजे एक पायरी वर चढून. विंडोज उलटी तिरकी रेघ दाखवतं. मार्कडाऊनमध्ये सरळ तिरकी रेघच लिहायची. इंग्रजी नावांत मोठ्या आणि छोट्या लिपीची अक्षरं सांभाळा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो, आणि वही गिटहब या फाइली ठेवायच्या वेबसाइटवर चढवली तर तिथेही पडतो. काही कॅमेरे जेपीजी ही अक्षरं मोठ्या लिपीत लिहितात. माझ्याकडे चाललं आणि भाचीकडे फोटो गायब, याचं कारण तेवढंच निघालं होतं.

पाठवताना नोंद आणि दोन्ही फोल्डर मिळून एकच झिप करते. पाठवण्याआधी तपासणी एकच: पूर्ण फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करायचा, मूळ फोल्डरचं नाव थोडा वेळ बदलायचं, नेट बंद करायचं आणि कॉपीतली नोंद उघडून चार-पाच फोटोंवर क्लिक करायचं. मूळ फोल्डरवर गुपचूप टेकलेला एखादा पत्ता असेल तर तो इथे उघडा पडतो. मजकूर लिहायच्या व्हीएस कोड ॲपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबून नोंदीचं दिसणारं रूप उघडतं, मी तिथेच बघते. ऑब्सिडियनमध्ये हे वाचायच्या मोडमध्ये करा.

## भिंत लोकांच्या घरातली असते

मोठ्या फोटोत छोट्यापेक्षा खूप जास्त दिसतं, हे आपण तांत्रिक गोष्ट म्हणून बोलतो. ए विंगच्या काकूंच्या घरी फोटो घ्यायला गेले तेव्हा ओल देवघराच्या मागच्या भिंतीला होती. त्यांनी देव हलवले, पाट बाजूला केला, आणि मग अवघडून विचारलं, "हा फोटो सगळे बघणार का गं?" त्यांच्या घरातली गोधडी, औषधांच्या बाटल्या, भिंतीवरचा गेलेल्या माणसाचा फोटो, हे सगळं ४८ घरांना मोठं करून बघता येणार होतं. मी तिथेच फोटो पुन्हा घेतला, फक्त भिंत आणि पट्टी येईल असा.

तेव्हापासून मोठा फोटो वहीत जाण्याआधी घरच्यांना दाखवते. नोंदीत घराचा नंबर असतो, नाव नसतं. फोनमधल्या फोटोत तो कुठे घेतला याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. ते पॉवरटॉइजमधल्या एका पर्यायाने काढता येतात आणि वही सोसायटीबाहेर जाणार असेल तर काढावेत. आमच्याकडच्या "मोठे" मध्ये मात्र मूळ माहिती तशीच राहते, कारण तारीख तिच्यात असते.

ट्रॅपची दुरुस्ती मे महिन्यात झाली. ३०४ ची भिंत खरवडून, सुकवून ठेवली आहे, रंग अजून दिलेला नाही. यंदाच्या जूनचा फोटो तक्त्यात लागलाय: कोरडं प्लास्टर, आणि ओल जिथवर होती तिथे पेन्सिलीची रेघ आणि तारीख. ऑगस्टच्या चौकोनात सध्या "फोटो बाकी" एवढंच आहे. तळाशी त्याचे दोन पत्ते मात्र आत्ताच लिहून ठेवलेत, म्हणजे त्या नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरांत पडल्या की शब्दांच्या जागी कंस घालायचे आणि फोटो उघडतोय ना ते बघायचं.